नवी मुंबई विमानतळ: ठाण्यापासून पनवेलपर्यंत सगळे विचारतात ते प्रश्न

विमानतळ सुरू झाल्यापासून सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत आणि लोकलच्या दारात तेच तेच प्रश्न फिरताहेत. उत्तरं मात्र अर्धी बिल्डरच्या माहितीपत्रकातली, अर्धी कुणाच्या तरी मेव्हण्याने सांगितलेली. म्हणून एकदा नीट लिहून काढलं. कोणती कंपनी कुठे उडते, बस किती वाजता सुटते, असल्या आठवड्याला बदलणाऱ्या गोष्टी इथे शोधू नका. त्या ज्या दिवशी लागतील त्या दिवशीच तपासा.

विमानतळ नक्की आहे कुठे? ठाणे जिल्ह्यात का?

नाही. नाव नवी मुंबईचं, पण जिल्हा रायगड आणि तालुका पनवेल. नवी मुंबई महापालिकेची हद्द बेलापूरला खाडीपाशी संपते आणि विमानतळ त्या खाडीच्या पलीकडे आहे. पश्चिमेला उलवे नोड आणि आम्र मार्ग, पूर्वेला पनवेलहून जेएनपीटी बंदराकडे जाणारा महामार्ग, उत्तरेला गाढी नदी आणि पनवेलची खाडी. मधली सगळी मिळून ११६० हेक्टर जागा. ‘आमच्या नवी मुंबईचा विमानतळ’ असं वाशी-नेरूळकर अभिमानाने म्हणतात तेव्हा पनवेलकरांच्या कपाळावर आठी उमटते, ती याचमुळे.

इतकी वर्षं का लागली?

मुंबईला दुसरा विमानतळ हवा, ही चर्चा गेल्या शतकातली. एके काळी अलिबागकडच्या रेवस-मांडव्याचंही नाव घेतलं जात होतं. पनवेलच्या जागेला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ मध्ये, पर्यावरणाची परवानगी नोव्हेंबर २०१० मध्ये. मग भूसंपादन, पुनर्वसनाच्या वाटाघाटी, निविदा. फेब्रुवारी २०१७ मध्ये जीव्हीके या खासगी कंपनीने बोली जिंकली, १८ फेब्रुवारी २०१८ ला भूमिपूजन झालं आणि २०२१ मध्ये प्रकल्प अदानी समूहाकडे गेला. या सगळ्या काळात ‘पुढच्या वर्षी विमान उडणार’ असं सांगून उलव्यात किती फ्लॅट विकले गेले असतील, देव जाणे.

प्रत्यक्ष चाचण्या २०२४ मध्ये झाल्या. ११ ऑक्टोबरला हवाई दलाचं सी-२९५ उतरलं, २९ डिसेंबरला इंडिगोचं ए-३२०. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना ३० सप्टेंबर २०२५ ला मिळाला, ८ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं सुरू झाली. त्या सकाळी बंगळुरूहून आलेलं इंडिगोचं विमान हे इथे उतरलेलं पहिलं नियमित प्रवासी विमान. इथून उडालेलं पहिलं विमान हैदराबादला गेलं.

सांताक्रूझ असताना हा दुसरा कशाला?

सांताक्रूझला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असेल तेव्हा दुसरी मोकळी सोडावी लागते. म्हणजे कागदावर दोन, वापरायला एक. तरीही तिथे गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानांची ये-जा होते आणि वर्षाला पाच कोटींहून जास्त प्रवासी जातात. एका वेळी एकच धावपट्टी वापरून इतकं काम करणारे विमानतळ जगात मोजकेच. आकाशात घिरट्या घालत ‘उतरायला परवानगी मिळालेली नाही’ ही घोषणा ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिथे वाढायला जागा नाही. एका बाजूला कुर्ला, दुसऱ्या बाजूला विलेपार्ले, मध्ये मिठी नदी. नव्या विमानतळावर ३७०० मीटरच्या दोन समांतर धावपट्ट्या आखलेल्या आहेत आणि दोघींमध्ये १५५० मीटर अंतर आहे. या अंतरामुळे एकीवर उतरणाऱ्या विमानाला दुसरीवरून उडणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. विमानतळाची क्षमता वाढते ती यामुळे. टर्मिनलच्या कमळासारख्या रचनेची तारीफ सगळे करतात, या अंतराबद्दल कुणी बोलत नाही. सध्या दोघींपैकी एकच धावपट्टी तयार आहे.

मग सांताक्रूझ बंद होणार का?

नाही. दोन्ही चालणार. ही शंका येते कारण बंगळुरू आणि हैदराबादला २००८ मध्ये नवे विमानतळ सुरू झाले तेव्हा जुन्यांवरची नियमित प्रवासी वाहतूक थांबवली गेली. मुंबईचं गणित गोव्यासारखं आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाला, तरी दाबोळी चालूच राहिला.

किती मोठा आहे आणि किती वाढणार?

पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी, एक टर्मिनल, वर्षाला २ कोटी प्रवाशांची सोय आणि ५ लाख टन माल. खर्च सुमारे १९,६५० कोटी रुपये. सगळे टप्पे पूर्ण झाले की चार टर्मिनल, दोन धावपट्ट्या आणि ९ कोटी प्रवासी, असा आराखडा आहे. टर्मिनलांना आतून जोडणारी चालकाविना धावणारी गाडीही त्यात आहे. टर्मिनलची रचना झाहा हदीद आर्किटेक्ट्सची.

९ कोटींचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. तो क्षमतेचा आकडा आहे, प्रवाशांचा नाही. विमानतळ किती वाढेल हे धावपट्टीपेक्षा तिथपर्यंतच्या रस्त्यावर आणि रेल्वेवर ठरेल असं माझं मत आहे. ठाण्याच्या माणसाला कासारवडवलीहून उलव्याला पोहोचायला जितका वेळ लागतो तितक्यात विमान हैदराबादला टेकणार असेल, तर तो सांताक्रूझचंच तिकीट काढेल.

मालकी कुणाची?

अदानी एअरपोर्ट होल्डिंग्जचा ७४ टक्के हिस्सा, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचा २६ टक्के. जमीन सिडकोने दिली. डोंगर कापण्याचं, नदी वळवण्याचं आणि विजेच्या उच्चदाब वाहिन्या हलवण्याचं सुरुवातीचं कामही सिडकोकडे होतं. २०१७ च्या बोलीत ठरल्याप्रमाणे महसुलातला १२.६० टक्के वाटा सिडकोला मिळायचा आहे.

ठाण्याहून कसं जायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

रेल्वेने: ठाण्याच्या ९-१० नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बरची नेरूळ किंवा पनवेल लोकल पकडा. नेरूळला उतरून उरण लोकल घ्या. सीवूड्सनंतर खाडीवरचा पूल ओलांडला की तरघर. विमानतळाला सगळ्यात जवळचं स्थानक तेच. उरण मार्गाचा पहिला तुकडा, खारकोपरपर्यंतचा, २०१८ मध्ये सुरू झाला आणि उरणपर्यंत गाडी जानेवारी २०२४ मध्ये पोहोचली, पण तरघर स्थानक उघडायला डिसेंबर २०२५ उजाडला. तोवर गाडी न थांबता पुढे जायची आणि खिडकीतून बांधून तयार झालेलं भव्य स्थानक नुसतं बघायचं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. उरणच्या गाड्या वाढल्या आहेत, पण अजूनही वाशी-पनवेलसारख्या पाठोपाठ येत नाहीत. एक चुकली की नेरूळच्या फलाटावर बॅगांवर बसून राहावं लागतं, तेव्हा वेळापत्रक आधी पाहा. आणि तरघर स्थानक टर्मिनलच्या दारात नाही, पुढे बस किंवा गाडी लागतेच. दोन मोठ्या बॅगा आणि सोबत आजी असतील, तर ठाण्याहून लोकलचा विचार करू नका. पाठीवर एक सॅक असेल तर मात्र यापेक्षा स्वस्त आणि वेळेची खात्री देणारा दुसरा मार्ग नाही.

रस्त्याने: कळवा-विटावा किंवा मुलुंड-ऐरोली पूल, मग ठाणे-बेलापूर रस्ता धरून तुर्भे, जुईनगर, नेरूळ, पुढे बेलापूरहून आम्र मार्ग. वाशी-सानपाड्याकडून येणाऱ्यांना पाम बीच बरा. तो किल्ले गावठाणाच्या चौकात संपतो आणि तिथूनच आम्र मार्ग लागतो. अडचणीच्या जागा दोन. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं, तेव्हा ऐरोली पूलच बरा. आणि बेलापूरच्या पुढे जेएनपीटीचे ट्रेलर. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर चढावर बंद पडला की मागची रांग पार किल्ल्याच्या सिग्नलपर्यंत येते आणि मग विमान कितीला आहे याच्याशी कुणालाही देणंघेणं नसतं.

कल्याण-डोंबिवलीकरांनी शिळफाटा-महापे करत ठाणे-बेलापूर रस्त्यावर यायचं की तळोजा-कळंबोलीवरून पनवेलच्या बाजूने जायचं, हे त्या दिवशीच्या शिळफाट्यावर सोडा.

ठाण्याहून थेट विमानतळापर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा उन्नत मार्ग नियोजनात आहे. तो होईल तेव्हा हे उत्तर पुसून नवं लिहू.

मुंबईहून अटल सेतूने किती सोपं आहे?

दक्षिण मुंबई, दादर, परळकडच्यांना खूपच. शिवडीहून निघालं की २१.८ किलोमीटरच्या सेतूवरून उलव्याच्या बाजूला उतरता येतं आणि त्यातला १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे. सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. मोटारीला एकेरी २५० रुपये टोल ठरला, तो जाताना-येताना धरून हिशेब करा. दुचाकी आणि रिक्षांना सेतूवर बंदी आहे. पश्चिम उपनगरातल्यांना मात्र शिवडीपर्यंत येण्यातच अर्धा जीव जातो.

मेट्रो आहे ना?

नवी मुंबईत मेट्रो आहे, पण ती विमानतळाला जात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली मार्गिका बेलापूर ते पेंधर अशी ११ स्थानकांची आहे, खारघर-तळोजाच्या लोकांसाठी. दोन्ही विमानतळ जोडणारी मेट्रो ८ ही वेगळी. ती साधारण ३५ किलोमीटरची आणि नियोजनातली आहे. ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं’ अशी जाहिरात दिसली तर कोणती मेट्रो, एवढं विचारा. समोरचा गप्प बसतो.

तिकीट काढताना कोणता विमानतळ हे कसं ओळखायचं?

सांताक्रूझचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. तिकिटांच्या ॲपवर ‘मुंबई’ टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येऊ शकतात आणि स्वस्त दिसतं ते उचलण्याची आपली सवय. पैसे भरायच्या आधी कोड वाचा. एका विमानातून उतरून दुसरं पकडायचं असेल तर दोन्ही एकाच विमानतळावरची आहेत ना, हे दोनदा पाहा. दोन्हींमध्ये रस्त्याने ३५-४० किलोमीटरचं अंतर आहे आणि मुंबईत किलोमीटरवरून वेळ काढता येत नाही.

तिकिटात ‘वापरकर्ता विकास शुल्क’ कसलं?

विमानतळ बांधणीचा खर्च भरून काढायला प्रवाशाकडून घेतलेले पैसे. ते विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे एरा, ठरवतं. सुरुवातीच्या काळासाठी एराने नवी मुंबईला जो तात्पुरता दर दिला, तो असा: देशांतर्गत विमानाने निघताना ६२० रुपये, उतरताना २७० रुपये. आंतरराष्ट्रीय विमानाने निघताना १२२५, उतरताना ५२५. हे सांताक्रूझपेक्षा जास्त होते. नवा विमानतळ, नवं कर्ज, म्हणून. दर बदलत असतात, तेव्हा तिकिटाचा तपशील उघडून पाहायची सवय लावा. स्वस्त तिकीट कधी कधी त्या तपशिलात महाग होतं.

डोंगर कापला, नदी वळवली असं म्हणतात. खरं का?

खरं. उलव्याची टेकडी सुमारे ९० मीटर उंच होती. ती सुरुंग लावून उतरवली आणि त्याच दगडाने खाजणाची जागा कित्येक मीटर भरून वर आणली. जागेच्या मधून वाहणारी उलवे नदी वळवून नवीन पात्रात नेली. खारफुटी गेली. सुरुंगांचे हादरे बसायचे तेव्हा आसपासच्या घरांना तडे जात असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं केल्या.

इथली जमीन कशी होती ते कळल्याशिवाय पुराची गोष्ट कळत नाही. हा सगळा पट्टा खाडीच्या पातळीला. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून खारं पाणी अडवलं आणि आत भात पिकवला. ती खारबंदिस्ती. बांधाला जागोजागी उघाड्या असत. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचं दार. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटी लागली की उघडते आणि शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. वीज नाही, पंप नाही. गावातला कुणीतरी रोज जाऊन झडपेत अडकलेला कचरा, ओंडका काढायचा, एवढीच देखभाल. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी काही तास शेतातच पसरून थांबायचं, आणि ते चालायचं, कारण तिथे भात होता, घरं नव्हती.

आता ज्या शेतांवर ते पाणी थांबायचं तिथे उंच भराव आहे. पाणी कुठेतरी जाणारच. भरावाला लागून असलेल्या डुंगी गावात विमानतळाचं काम सुरू झाल्यावर पावसाळ्यात पाणी शिरू लागलं आणि त्या गावाच्याही पुनर्वसनाची मागणी पुढे आली. टर्मिनल कोरडं आहे का, हे विचारणाऱ्यांनी शेजारी कोण ओलं झालं, हेही विचारावं.

किती गावं उठली आणि त्यांना काय मिळालं?

दहा गावं-पाडे. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वरचे ओवळे, वाघिवलीवाडा ही त्यातली नावं. तीन हजारांहून अधिक कुटुंबं. बहुतेक आगरी आणि कोळी. शेती, मिठागर आणि खाडीतली मासेमारी, असा तिहेरी संसार. खाडीत चिंबोरी, निवट्या, कालवं, बोय मिळत आणि घरातली बाई सकाळी ते विकून दुपारचा बाजार करत असे.

जमिनीच्या बदल्यात २२.५ टक्के विकसित भूखंड, असं पॅकेज ठरलं. नवी मुंबईतल्या इतर प्रकल्पग्रस्तांना १२.५ टक्के मिळतात, त्या तुलनेत हे जास्त. घर गेलं त्याला घराखालच्या जागेच्या तिप्पट भूखंड आणि बांधकामासाठी अनुदान. पुनर्वसन वडघर, करंजाडे आणि दापोलीजवळच्या पुष्पक नगर भागात. कागदावर पाहिलं तर देशातल्या बऱ्याच प्रकल्पांपेक्षा हे पॅकेज चांगलं आहे, आणि ते तसं म्हटलंही पाहिजे.

पण पॅकेज सातबारा असलेल्याला मिळतं. ज्याच्या नावावर जमीन नव्हती आणि जो खाडीवर जगत होता, त्याचं काय? खाडी कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते. मासेमारांच्या भरपाईचा प्रश्न म्हणूनच सगळ्यात चिघळला. दुसरा प्रश्न घरांच्या यादीचा. वेगळी चूल मांडलेल्या मुलाचं घर धरायचं की नाही, पायाभूत सर्वेक्षणानंतर वाढवलेली खोली मोजायची की नाही, यावर अनेक वर्षं हेलपाटे झाले. आणि तिसरा, देवळांचा. गावदेवी हलवायची म्हणजे भूखंड क्रमांक देऊन भागत नाही. जत्रा कुठे भरणार, पालखी कुठून निघणार, कोणत्या गावाचा मान पहिला, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं.

भूखंड विकून गाडी आणि बंगला झालेली घरं आहेत, तशी पैसे संपून त्याच विमानतळाबाहेर गाडी चालवणारी मुलंही आहेत. दोन्ही खरं आहे. एकच सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दि. बा. पाटील कोण, आणि त्यांच्या नावाचा एवढा आग्रह का?

हा प्रश्न ठाण्या-मुंबईचे लोक विचारतात. पनवेल-उरणला कुणी विचारत नाही.

दिनकर बाळू पाटील, उरण तालुक्यातल्या जासईचे. जन्म १३ जानेवारी १९२६. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे पाच वेळा आमदार, कुलाब्याचे दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. १९७० मध्ये सिडको आली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली. दर कवडीमोलाचा. त्याविरुद्धच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. जासईजवळच्या दास्तान फाट्यावर दर वर्षी त्यांना मानवंदना दिली जाते. जमीन घेतली तर तिचा काही भाग विकसित करून मूळ मालकाला परत द्या, हे १२.५ टक्क्यांचं तत्त्व या आंदोलनातून आलं. आज वाशी ते उलवे जी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरची इमारत दिसते, तिच्या मुळाशी ते रक्त आहे.

२०२१ मध्ये सिडकोने विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव सुचवलं तेव्हा भूमिपुत्रांनी १० जूनला मानवी साखळी केली आणि २४ जूनला, ‘दिबां’च्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर मोर्चा नेला. तो दिवस आठवत असेल तर गर्दीही आठवत असेल. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नावाचा निर्णय घेतला आणि विधिमंडळाच्या ठरावानंतर प्रस्ताव केंद्राकडे गेला. विमानतळ सुरू झाला तो मात्र ‘नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ’ याच नावाने. आमच्याकडच्या रिक्षांच्या मागे आणि लग्नाच्या बॅनरवर ‘दिबां’चंच नाव असतं, तिथे अधिसूचनेची वाट कुणी पाहिलेली नाही.

नैना म्हणजे काय? आमच्या गावची जमीन त्यात आहे म्हणे.

विमानतळाच्या प्रभावाखाली येणाऱ्या भागासाठी २०१३ मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं, तो प्रदेश म्हणजे नैना. सुरुवातीला २७० गावं होती, नंतर काही भाग इतर प्राधिकरणांकडे गेला. इथे सिडको जमीन विकत घेत नाही. नगररचना परियोजना, म्हणजे टीपी स्कीम, करते. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा, शाळांची जागा काढली जाते आणि मालकाला ४० टक्के क्षेत्राचा आखीव भूखंड परत मिळतो, त्यावर वाढीव चटईक्षेत्र. ६० टक्के जाणार हे ऐकून शेतकरी बिथरतो, ४० टक्क्यांची किंमत वाढणार हे ऐकून गुंतवणूकदार खूश होतो. जमीन तीच. पाच-दहा गुंठेवाल्याचं दुखणं खरं आहे, कारण त्याला परत मिळणारा तुकडा इतका लहान की त्यावर एकट्याने काही करता येत नाही. हरकतीची मुदत चुकवू नका. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेला नकाशा स्वतः जाऊन बघा, त्यात तुमचा अंतिम भूखंड क्रमांक शोधा.

उलव्यात आता फ्लॅट घ्यावा का?

राहायला हवा असेल तर घ्या, विमानतळ दाखवून भाव दुप्पट होईल म्हणून घेऊ नका. तो भाव बरीच वर्षं आधीच वसूल झालेला आहे.

घेताना चार गोष्टी विचारा. महारेरा क्रमांक आहे का. भूखंड साडेबारा किंवा साडेबावीस टक्क्यांचा असेल तर मूळ वारसांची सगळ्यांची संमती आणि सिडकोचं हस्तांतर झालंय का. एक आत्या सहीची राहिली तरी प्रकरण कोर्टात जातं. उंचीचा दाखला आहे का, कारण विमानतळाभोवती २० किलोमीटरपर्यंत इमारतींच्या उंचीवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची मर्यादा लागू होते आणि मर्यादेपलीकडचे मजले तुमच्या डोक्यावर टांगते राहतात. आणि पाणी. उलवे-द्रोणागिरीला पाणी येतं पेणजवळच्या हेटवणे धरणातून. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं, ते तुमच्यासाठी नाही. दाखवायला नेतील तेव्हा स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहा.

विमानांचा आवाज किती येईल?

धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. विमान वारा येतो त्या बाजूला तोंड करून उडतं-उतरतं. वारा पश्चिमेकडून असेल तेव्हा विमानं पनवेलच्या बाजूने येऊन उतरतात आणि उलवे-न्हाव्याच्या बाजूला उडतात, वारा पूर्वेचा असला की उलट. धावपट्टीच्या रेषेत राहणाऱ्यांना त्रास जास्त, बाजूला असणाऱ्यांना कमी. घर बघायला एकदा दुपारी आणि एकदा पहाटे जा.

फ्लेमिंगोंचं काय?

ठाणे खाडी, नेरूळची डीपीएस आणि एनआरआय तळी, उरणची पाणजे-बेलपाड्याची पाणथळ जागा, अशी त्यांची ये-जा असते. भरती आली की खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी थांबायला तळ्यांवर येतात. ती तळी बुजवली तर पक्षी नाहीसे होणार नाहीत, दुसरी मोकळी जागा शोधतील, आणि विमानतळाला ते नको आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरत्या विमानाला धडकून जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले. तेव्हा तळी राखणं हे पक्षीप्रेमींचं वेड नसून उड्डाणाच्या सुरक्षेचा भाग आहे.

नोकरी कशी मिळेल? एक जण पन्नास हजार मागतोय.

देऊ नका. विमानतळावर नोकरीसाठी अनामत, गणवेशाचे पैसे किंवा ‘पासचे पैसे’ मागणारा माणूस ठग असतो. सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे आणि त्याची भरती परीक्षेने होते. विमान कंपन्या, सामान हाताळणारे, सफाई, खाद्यपदार्थांची दुकानं, मालवाहतूक, हे सगळे आपापली माणसं घेतात. आत काम करणाऱ्याला प्रवेश पास लागतो आणि त्यासाठी पोलीस पडताळणी होते, म्हणून किरकोळ मारामारीची केस असेल तरी ती आधी मिटवा. स्थानिकांना प्राधान्य ही मागणी जुनी आहे, तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या गावातल्या समित्यांकडून खरी माहिती मिळते.

हापूस इथून परदेशी जाणार का?

जायलाच हवा. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया लागते आणि त्याची सोय वाशीला पणन मंडळाकडे आहे. एपीएमसी बाजारही तिथेच. तिथून उलवे हे सांताक्रूझच्या मानाने हाताशी आहे आणि पेटी उन्हात ट्रॅफिकमध्ये उभी राहिली तर आंबा थांबत नाही, पिकत राहतो. फक्त आंब्याला लांब पल्ल्याची विमानं हवीत, आणि इथली सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली आहे.

उलव्याला भावाची हळद आहे. ड्रोनने शूटिंग करता येईल का?

नाही. विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटरच्या आतला भाग ड्रोनसाठी लाल क्षेत्र आहे, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. फोटोग्राफर म्हणेल ‘छोटा आहे, चालतो’. त्याला सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनच्या नकाशावर मंडपाची जागा दाखवायला सांगा. आकाशात सोडायचे लेझर आणि जळते कंदीलही नकोत. डीजेबद्दल विमानतळाचं काही म्हणणं नाही, त्याचं रात्री दहानंतर पोलीस बघतील.